गौरवग्रंथातलं त्रेसष्टावं पान

एकशे चाळीस पानांच्या गौरवग्रंथात मला फक्त एक पान हवं होतं. बाकीची पानं समितीनं हवी तशी भरावीत, असं मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं. फेटा बांधलेले फोटो घाला, मोठ्या लोकांच्या शुभेच्छा घाला, सर विमानातून उतरतानाचे चार फोटो आहेत ते चारही घाला. पण त्रेसष्टावं पान माझं. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा आला, आणि मला वाटलं, ठरलं. बैठकीत मान डोलावणं म्हणजे चहा बरा झालाय एवढंच असतं, हे कोल्हापुरात जन्म काढूनही मला कळलेलं नव्हतं.

ज्यांचा गौरव होता ते सर मुरगूडच्या पुढं, वेदगंगेच्या काठावरच्या एका वाडीत शिक्षक म्हणून लागले होते. सातवीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, एक गळकं छप्पर. तिथं त्यांनी नोकरी करत करत एम. ए. केलं, डॉक्टरेट केली. मग अध्यापक विद्यालयाचे प्राचार्य झाले, पाठ्यपुस्तकं ठरवणाऱ्या समितीवर गेले, एका विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आणि इतर माणसं नातवंडांना बागेत फिरवतात त्या वयात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, दूर समुद्राकडच्या एका केंद्रशासित प्रदेशाचे उपराज्यपाल झाले. बातमी आली त्या दिवशी वाडीत गूळ वाटला. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "उपराज्यपाल म्हंजी किती तालुकं वो?" कुणालाच सांगता आलं नाही. म्हाताऱ्यानं गूळ तोंडात टाकला आणि म्हणाला, "आसू दे. आपल्या मास्तरला दोन खोल्यांतनं भाईर काढलं, एवढं बास हाय."

मुदत संपवून सर परत आले, कळंब्याच्या बाजूला राहू लागले, आणि कोल्हापुरात सत्कार समिती उभी राहिली. ग्रंथाचं नाव ठरलं 'शिक्षक ते उपराज्यपाल'. संपादनाचं काम माझ्याकडं आलं, कारण मी लिहिते, आणि कारण माझी आई सरांची विद्यार्थिनी.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की मी पत्रकांवर वाढले. मंगळवार पेठेत बाबांचा छोटा छापखाना होता. मोर्चे, संप, जयंत्या, निषेध सभा, सगळ्यांची पत्रकं तिथं छापली जायची. बाराखडी पुरी होण्याआधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. शिल्लक पत्रकांची कोरी बाजू ही माझी रफ वही. भागाकार मी हमालांच्या मोर्चाच्या पाठीवर शिकले. बाबांचा एक नियम होता. पत्रकातलं एखादं वाक्य खोटं निघालं, तर दुसरं पत्रक काढून तसं सांगायचं, पहिल्याइतक्याच मोठ्या अक्षरात. या नियमापायी त्यांची गिऱ्हाइकं तुटली. बाबा आता नाहीत, छापखान्याच्या जागी मोबाईलची कव्हरं विकतात. पण तो नियम माझ्या हाडात बसलाय आणि त्यामुळं माझं कुठल्याच समितीशी जमत नाही.

त्रेसष्टाव्या पानावर दोन कागद होते.

पहिला कागद म्हणजे सरांनी वाडीत असताना काढलेलं पत्रक. तेव्हा वाडीची शाळा बंद करून मुलांना नदीपलीकडच्या शाळेत पाठवायचं ठरत होतं. पूल नव्हता. पावसाळ्यात माणसं काहिलीतून नदी ओलांडायची. काहील म्हणजे गुऱ्हाळात रस आटवायची भलीमोठी कढई. तीच होडी. सरांनी अर्ज केले, उत्तर आलं नाही, मग पत्रक छापून मुरगूडच्या बाजारात स्वतः वाटलं. त्यात एक ओळ आहे: 'पोरं काहिलीत बसून नदी ओलांडतील. पोरींना कोण बसवणार?' बाजारात बायकांनी ते वाचून घेतलं, कचेरीपुढं जाऊन बसल्या, आणि शाळा राहिली. आई तेव्हा पाचवीत होती. शाळा राहिली म्हणून ती सातवी झाली, पुढं दहावी, मग नर्सिंग. आज ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. त्या पत्रकाची एक प्रत तिनं दहावीच्या गुणपत्रिकेसोबत एकाच पिशवीत जपून ठेवली आहे.

दुसरा कागद मला सहज मिळाला. समितीनं ठिकठिकाणच्या लोकांकडून आठवणी मागवल्या होत्या. सर जिथं उपराज्यपाल होते तिथल्या एका शिक्षिकेनं हिंदीत पत्र पाठवलं. साहेब शाळेत आले होते, जमिनीवर बसले होते, मुलांना पाढे विचारले होते, खूप छान वाटलं. शेवटी दोन ओळी: पुढच्या वर्षी आमची शाळा खाडीपलीकडच्या शाळेत विलीन झाली. मुलगे जातात, सात मुलींपैकी दोघी जातात. तक्रार नव्हती. आभाराच्या पत्रात जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं होतं. मी त्या प्रदेशाचं राजपत्र शोधलं. आदेश होता. कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्यास उपराज्यपाल महोदयांची मान्यता.

मी शिक्षिकेचं पत्र वगळलं, तिला त्रास नको म्हणून. पत्रक वर छापलं, आदेश खाली छापला. मधे एक शब्दही लिहिला नाही. पत्रकांवर वाढलेल्या मुलीनं यापेक्षा जास्त संयम काय दाखवायचा?

समितीचे कार्याध्यक्ष हुपरीचे, पैंजणांचे व्यापारी. मूळचे वाडीचे, आईच्याच वर्गातले. बैठकीत त्यांनी पान उचलून धरलं.

"ताई, ह्यो गौरवग्रंथ हाय. चौकशीचा अहवाल न्हाय."

"मी चौकशी कुठं केलीय, मामा? दोन कागद शेजारी छापलेत."

"त्योच तर घोळ हाय. शेजारी ठेवलं की कागद बोलाय लागत्यात."

"तुम्ही त्याच शाळेत होता ना?"

"व्हय की. तुमच्या आईच्या मागच्या बाकावर. तिच्या वहीत बघून पास झालोय." सगळे हसले. "पण आता मला समारंभ पार पाडायचाय, पेपर सोडवायचा न्हाय. फेटंवालं सांगून झालंय, मांडव झालाय. तुम्ही आसलं काय घालू नगा."

फेट्याच्या रंगावर या समितीनं दीड तास घालवला होता. चौकाचौकात जे फलक लागणार होते त्यावर पंचवीस चेहरे होते आणि सरांच्या नावामागं इतक्या पदव्या, की 'शिक्षक' हा शब्द जागेअभावी काढावा लागला. त्याबद्दल कुणाला काही वाटलं नाही. माझ्या पानाला मात्र जागा नव्हती. शेवटी ठरलं, प्रुफं सरांकडंच पाठवू, ते म्हणतील तसं.

प्रुफं चार दिवसांत परत आली. सरांनी एकशे चाळीसही पानं तपासली होती. लाल शाई, तिरकी बारीक अक्षरं. कुणीतरी त्यांना 'ज्ञानमहर्षी' म्हटलं होतं, तो शब्द त्यांनी खोडला होता. एका फोटोखालचं गाव चुकलं होतं, ते दुरुस्त केलं होतं. शुभेच्छा देणाऱ्या मोठ्या लोकांचं व्याकरणही सोडलं नव्हतं. मला अभिमान वाटत होता. मग त्रेसष्टावं पान आलं. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत एक सरळ रेघ, आणि समासात एक शब्द: 'अनावश्यक'.

मी ते पान घेऊन घरी आले आणि आईपुढं आपटलं. आई डाळ निवडत होती. तिनं हात पुसले, चष्मा लावला, पान नीट वाचलं.

"मग?" ती म्हणाली. "खाली लिव की."

मला आधी कळलंच नाही. सरांच्या वर्गाची एक पद्धत होती, ती आईनं मला लहानपणी अभ्यास घेताना लावली होती. सर वहीत लाल शाईनं दुरुस्ती करत. ती मुकाट्यानं मान्य करायची मुभा नव्हती. खाली पेन्सिलीनं मुलानं लिहायचं: 'पटलं', किंवा 'पटलं नाही, कारण' आणि कारण. कारण बरोबर असेल तर सर त्याखाली लाल शाईनं 'पटलं' लिहीत, आणि शाळेच्या दारातल्या फळ्यावर स्वतःची चूक खडूनं लिहून ठेवत. ती दिवसभर तिथंच राहायची. येणारेजाणारे वाचायचे. आईच्या निबंधात एकदा 'नदी रागावली' असं होतं. सरांनी खोडलं, नदी रागावत नाही. आईनं खाली लिहिलं: 'पटलं नाही, कारण परवा काहील उलटली.' त्या दिवशी फळ्यावर सरांची चूक होती.

मी पेन्सिल घेतली आणि भराभर लिहायला लागले. लोकशाही, स्त्रीशिक्षण, इतिहासाशी प्रामाणिकपणा. आईनं माझा हात धरला.

"एकच कारण लिव. धा लिवलीस तर सर त्यातल्या सोप्याला उत्तर देत्यात."

मी सगळं खोडरबरानं पुसलं. बराच वेळ विचार केला. मग लिहिलं: 'पटलं नाही, कारण पत्रकातलं वाक्य खोटं होतं असं तुम्ही अजून कुठं म्हटलेलं नाही.'

पान परत गेलं. आठवड्यानं कार्याध्यक्षांचा फोन. "साहेबांनी बघिटलं."

"आणि काय म्हणाले?"

"बघिटलं म्हणाले."

"मामा, लिहिलं काय?"

"काय न्हाय लिवलं. बघिटलं म्हंजी झालं की. एवढी वर्सं मोठ्या खुर्चीवर हुते, त्यांनी बघिटलं म्हंजी लय झालं. आता छपाईला सोडा."

पाहिलं. हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात अजून तिडीक जाते. आयुष्यभर वहीतल्या प्रत्येक 'पटलं नाही'ला उत्तर देणारा माणूस उपराज्यपाल होऊन एवढंच शिकून आला होता? मी चप्पल घातली. आईनं रजेचा अर्ज लिहिला.

सरांच्या दिवाणखान्यात शालींचा ढीग होता आणि कपाटावर लाकडी होडी, तिकडून भेट मिळालेली. सर स्वतः दार उघडायला आले. त्यांनी आईला ओळखलं.

"नदी रागावली," म्हणाले.

"व्हय सर," आई म्हणाली आणि वाकून नमस्कार केला. मला तेवढ्यातही वाटलं, कशाला वाकतेस?

चहा आला. मामांकडून परत घेतलेलं पान मी पुढं ठेवलं.

"हे मी पाहिलंय," सर म्हणाले.

"पाहिलंय, सर. उत्तर न्हाय दिलं," आई म्हणाली.

सरांनी चष्मा काढला, पुसला. "फाईल माझ्यापर्यंत यायची तेव्हा तिच्यावर सात सह्या असायच्या. आठवी सही अडवायची तर कारण द्यावं लागतं, आणि ते आकड्यांत द्यावं लागतं. मुलं किती, खोल्या किती, शिक्षक किती. माझ्याकडं आकडा नव्हता."

"पत्रकात तरी कुठं आकडा होता, सर?" मी म्हटलं.

"पत्रकाला सचिव नसतो, बाळ."

वाक्य इतकं नेटकं होतं की मला दुप्पट राग आला. सरांची वाक्यं चांगली असतात हीच अडचण आहे. मी काही बोलणार, तेवढ्यात आईनं विचारलं. दवाखान्यात ती रोग्याला विचारते ना, दुखतंय का, कुठं दुखतंय, त्या आवाजात.

"सर, सही करताना पत्रक आठवलं हुतं का?"

सरांनी कपाटावरच्या होडीकडं पाहिलं.

"आठवलं होतं," म्हणाले.

मग त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं. पान जवळ ओढलं. माझ्या पेन्सिलीच्या ओळीखाली लिहिलं: 'पटलं.' सही केली. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर त्याखाली आणखी दोन शब्द लिहिले: 'पान काढावं.'

"हे काय सर?"

"दोन्ही खरं आहे. हे छापलंत तर काय होईल सांगू? लोक म्हणतील, बघा, म्हाताऱ्यानं चूक छापू दिली, केवढा मोठा माणूस. टाळ्या पडतील. माझ्या गौरवात भरच पडेल. तिकडच्या मुलींची शाळा काही उघडणार नाही."

"मग उघडायला सांगा. पत्र लिहा तिकडं."

"आता माझ्या पत्राला कोण विचारतं?"

"पत्रक काढलंत तेव्हा तुम्हाला कोण विचारत होतं?"

माझा आवाज चढला होता. आतून कुणीतरी डोकावून गेलं. सर रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त पेनाचं टोपण लावलं.

आई उठली. पदर सारखा केला. "सर, पटलं की फळ्यावर लिवायचं आसतंय."

"तो फळा आता माझा नाही गं."

"फळा शाळंचा आसतोय, सर."

बाहेर रिक्षाची वाट बघताना मी तणतणत होते. हा काय न्याय झाला? कबूल करायचं आणि लपवायचं. हे तर न कबूल करण्यापेक्षा वाईट. आई म्हणाली, "त्यांनी खोटं न्हाय सांगितलं, एवढं तर बघ." मी म्हटलं, खोटं न सांगणं ही पाचवीतल्या मुलाकडून अपेक्षा असते, उपराज्यपालांकडून जरा जास्तीची असते. लाल शाईचं ते पान आईनं माझ्या हातातून घेऊन पर्समध्ये घडी न घालता ठेवलं, वरून रुमाल टाकून.

मी समितीला कळवलं की संपादक म्हणून माझं नाव काढा. कार्याध्यक्षांनी ते आनंदानं काढलं आणि फोन करून म्हणाले, "ताई, राग धरू नगा. समारंभाला पयल्या रांगंत तुमची आणि आईची खुर्ची ठेवलीय." ग्रंथ वेळेत छापून आला. त्रेसष्टाव्या पानावर सरांचा फेट्यातला फोटो आहे, पंचेचाळिसाव्या पानावर आहे तोच. माणसं इतकी घाईत होती की एकच फोटो दोनदा लागल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी असते तर आलं असतं, पण मी नव्हते.

समारंभ शनिवारी सकाळी होता. आई पहाटेच उठून ठेवणीतली साडी नेसून तयार झाली. मी म्हटलं, "जायचं म्हणतेस तिथं? मी नाही येणार."

"तिथं कोण जातंय," ती म्हणाली. "मुरगूडची गाडी सातला हाय."

वाडीला जाताना आता पूल लागतो. काहिली गुऱ्हाळात गेल्या, गुऱ्हाळंही थोडीच राहिली. शाळेचं छप्पर नवीन आहे, आणि वर्गात सरांनी उपराज्यपाल असताना पाठवलेला पृथ्वीचा गोल आहे. दारात फळा तिथंच आहे. शनिवारची सकाळची शाळा भरलेली होती. तिथल्या बाई माझ्याच वयाच्या. आईनं सांगितलं, मी इथली विद्यार्थिनी, फळ्यावर काही लिहायचंय.

"लिहा की. आजचा सुविचार लिहायचा राहिलाय," बाई म्हणाल्या. "पण एका ओळीत बसवा बरं का, मुलं कंटाळतात."

आईनं खडू घेतला. पर्समधून पान काढून माझ्या हातात दिलं आणि मला ते तिच्यासमोर धरायला सांगितलं. वर तिनं लिहिलं, 'सरांची चूक'. मग पत्रकातली ओळ, काहील आणि पोरी. मग: 'हे आठवत असताना दुसरीकडची शाळा बंद करण्यावर सही केली.' आणि खाली मोठ्या अक्षरात: 'पटलं.' तिचं अक्षर अजून पाचवीतल्यासारखं गोल आहे. एका ओळीत काही ते बसलं नाही.

दोन मुली फळ्यापाशी येऊन थांबल्या. एकीनं बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. "कुठल्या सरांची चूक?"

"त्यो गोल ज्यांनी पाठवलाय, त्यांची," आई म्हणाली.

"मग खाली 'पटलं' कुणी म्हटलं?"

"त्यांनीच."

मुलीनं जरा विचार केला. "मग ती शाळा उघडली?"

एवढ्या बैठका, एवढी प्रुफं, आणि हा प्रश्न विचारायला ही पोर लागली. बाई एका ओळीची अट विसरल्या होत्या. त्या फळा पुन्हा पहिल्यापासून वाचत होत्या.

माझा फोन वाजला. कार्याध्यक्ष. मागं सनई आणि माईकची खरखर.

"ताई, कुठं हायसा? पयल्या रांगंत दोन खुर्च्या मोकळ्या दिसाय लागल्यात. साहेब स्टेजवर चढल्यात आन् दोनदा इचारलं, ती आली न्हाय का म्हणून. भाषण थांबलंय. काय सांगू त्यास्नी?"

मी फोन आईच्या कानाला लावला. तिनं खडूचा हात पदराला पुसला.

"शाळंत हाय म्हणून सांग," ती म्हणाली. "आन् फळा संध्याकाळपतोर पुसणार न्हाय, म्हणावं."